ॲग्रेकन

कूर्चेच्या (सांध्यांतील लवचीक ऊतीच्या) पेशीबाह्य आधारकातील, म्हणजे पेशींभोवतीच्या पदार्थातील, प्रमुख प्रोटिओग्लायकन (शर्करेच्या साखळ्या जोडलेले प्रथिन). सांध्यातील काचाभ (काचेसारखी दिसणारी) कूर्चा व मणक्यांमधील चकत्या यांत विपुल. मेंदूत व रक्तवाहिन्यांच्या भित्तीत अल्प.

सुमारे 250 किलोडाल्टनच्या गाभा-प्रथिनावर काँड्रॉइटिन सल्फेट या सल्फेटयुक्त शर्करेच्या शंभराच्या आसपास साखळ्या बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या उभ्या असतात. केराटन सल्फेटच्या त्याहून कमी. प्रथिनाचे जी1 टोक हायालुरोनिक आम्ल या शर्करेच्या लांब धाग्याला चिकटते (हार्डिंगहॅम व म्यूर, 1972) आणि जोड-प्रथिन ती पकड पक्की करते. साखळ्यांवरचा ऋण भार सोडियम ओढतो, सोडियममागे पाणी येते. कूर्चेच्या ओल्या वजनात 65 ते 80 टक्के पाणीच असते. ती किती फुगावी हे कोलाजेन-2 या तंतुमय प्रथिनाचे जाळे ठरवते. सप्तशृंगगडाच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यावर भार पडला की थोडे पाणी बाहेर दाबले जाते, भार हलला की परतते. नाशिककडे काळ्या मसाल्याच्या मटणात नळीच्या टोकाला जी कुरकुरी येते, ती हीच कूर्चा. कच्ची कुरकुरी उघड्यावर सुकली की पिवळसर, पारभासक होते. भिजवली की पुन्हा फुगते.

संधिवातात ॲग्रेकन तोडते कोण, यावर बराच वाद झाला. आधी संशय मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या आधारक तोडणाऱ्या विकरांवर (एन्झाइमांवर) होता. त्यांचा छेद गाभा-प्रथिनाच्या 341-342 क्रमांकाच्या अमिनो आम्लांमध्ये पडतो; रुग्णांच्या सांध्यातील द्रवात मात्र 373-374 येथे तुटलेले तुकडे मुख्यत्वे सापडत. तो छेद देणारी ॲडॅमटीएस-4 व 5 ही विकरे 1999 च्या सुमारास हाती लागली. 2005 मध्ये 5 क्रमांकाचे विकर निकामी केलेल्या उंदरांची कूर्चा बचावल्याचे दिसले, 4 क्रमांकाबाबत तसे दिसले नाही. मानवी कूर्चापेशींत दाहक सायटोकाइनांनी (दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनांनी) वाढते ते मुख्यतः 4. उंदरावरून माणसाचा निवाडा न करता दोन्हींचा वाटा धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (नाशिक, स्थापना 1998) संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थी कूर्चा ओळखतात ती बहुधा हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगांनी रंगवलेल्या काचपट्टीवर. पेशीभोवतीची निळसर छटा सल्फेटची. ॲग्रेकनचे प्रमाण अजमावायला सॅफ्रानिन-ओ हा तांबडा रंग लागतो: आधी फास्ट ग्रीन हा हिरवा रंग, मग 1 टक्का ॲसेटिक आम्लात काही सेकंद खळबळणे, शेवटी सॅफ्रानिन. कूर्चा तांबडी दिसते. ती फिकी पडली म्हणजे झीजच, असे नाही. हाड मऊ करताना तुकडा आम्लात जास्त दिवस राहिला किंवा फास्ट ग्रीन गडद बसले, तरी तांबडा रंग उतरतो. म्हणून त्याच खेपेत निरोगी कूर्चेची एक पट्टी रंगवावी.