सिस्टर, रुपयात बारा आणे दुखतंय

पोटाचं ऑपरेशन होऊन एक दिवस झालेले दोन रुग्ण. दोघंही पंचविशीचे. नाडी, रक्तदाब, श्वास अगदी सारखे. किती दुखतंय विचारलं तर दोघंही दहापैकी आठ सांगतात. फरक एवढाच, की एक जण भेटायला आलेल्याशी हसतखिदळत बोलतोय आणि दुसरा कूस बदलताना तोंड वाकडं करतोय. केसपेपरवर कुणापुढे कोणता आकडा लिहाल?

मार्गो मॅकॅफरी आणि बेटी फेरेल या दोन अमेरिकन परिचारिकांनी १९८७ मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीतला हा प्रश्न. वेदनेबद्दल परिचारिकांना काय ठाऊक आहे आणि काय वाटतं, हे तपासायला ती आजही देशोदेशी वापरतात. उत्तर सोपं आहे : दोघांनाही आठ. तरीही हसणाऱ्यापुढे कमी आकडा लिहिणाऱ्या परिचारिका पुष्कळ निघतात.

आपल्या भागात तर न कण्हणारेच जास्त. चिकोडी-खानापूरकडचा साठीचा शेतकरी बेळगावात वॉर्डात पडलेला असतो. "आप्पा, दुखतंय काय?" असं सिस्टरनी विचारलं की "हाय की थोडं, चालायचंच" म्हणून गप्प. उशाशी सून उभी, तिच्यासमोर दुखणं काढायचं कसं? रात्री दोनला मात्र तोच आप्पा कॉटच्या कडेला पाय सोडून बसलेला दिसतो. नाडी बघावी तर बहात्तर. पण वेदना महिनोन्‌महिने टिकली की शरीर तिला सरावतं आणि नाडी-रक्तदाब मूळ पदावर येतात. दुखणं होतं तिथंच असतं. म्हणून नाडीवरून दुखणं खोटं ठरवता येत नाही.

आकडाच विचारावा लागतो. शून्य ते दहाची पट्टी जुन्या माणसांच्या पचनी पडत नसेल, तर सरळ आण्यांत विचारावं. "रुपयात बारा आणे" हे उत्तर क्षणात येतं आणि दहाच्या पट्टीवर ते साडेसात होतं. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यातले तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण तर पुष्कळदा बोलूच शकत नाहीत. रेडिएशननं तोंड आतून सोललेलं असतं. त्यांनी बोटं दाखवली तरी भागतं. मुद्दा हा, की आकडा रुग्णाचा असावा, सिस्टरच्या अंदाजाचा नव्हे. आणि औषध दिल्यावर तासाभरानं तो पुन्हा विचारावा. हे दुसऱ्यांदा विचारणंच वॉर्डाच्या धावपळीत राहून जातं.

दुखणं कसं आहे हेही त्याच वेळी कळतं. खोलवर ठणका असेल तर हाडाकडे किंवा गाठीकडे बघायचं. आग, मुंग्या, विजेसारखी चमक असेल तर नस दाबली गेली असण्याची शक्यता मोठी, आणि तिथं नुसत्या मॉर्फिननं (अफूपासूनचं तीव्र वेदनाशामक) पूर्ण भागत नाही. गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलीनसारखं औषध जोडावं लागतं. कॅन्सर हाडात उतरला असेल तर रेडिएशनचा एकच डोस अनेकांना आराम देतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची शिडी सांगितली : आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग सौम्य अफूजन्य, मग मॉर्फिन. २०१८ च्या मार्गदर्शनात या पायऱ्यांचा आग्रह सैल झाला. वेदना तीव्र असेल तर पहिल्याच दिवशी मॉर्फिन सुरू करता येतं. जे बदललं नाही ते असं : शक्यतो तोंडानं, घड्याळ लावून, माणूस बघून. यातलं घड्याळ परिचारिकेच्या हातात असतं. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. केसपेपरवर 'एस.ओ.एस.', म्हणजे गरज पडली तरच, असं लिहिलं, की रुग्ण ओरडेपर्यंत गोळी कपाटात राहते. दरम्यान सततच्या माऱ्यानं मज्जारज्जूतल्या पेशी जास्त हळव्या होतात आणि तेच दुखणं आवरायला जास्त औषध लागतं. ऊस वाळायला लागल्यावर पाणी सोडत नाहीत. पाळी ठरलेली असते. इथंही तसंच.

मग नातेवाइकांचा प्रश्न येतो : "सिस्टर, ह्याची सवय लागायची न्हाई न्हवं?" जन्मभर ओठाखाली तंबाखू धरलेल्या माणसाबद्दल ही काळजी! पण खुद्द काही परिचारिकांनाही तीच भीती असते, म्हणून नीट सांगायला हवं. गोळी एकदम बंद केली तर घाम, हातापायांत गोळे, अस्वस्थता येते. तो शरीराचा सराव, व्यसन नव्हे. दुखणं कमी झालं की मात्रा हळूहळू उतरवता येते. अमेरिकेतल्या अफूजन्य गोळ्यांच्या संकटाच्या बातम्या खऱ्या आहेत, पण कॅन्सरच्या वेदनेनं रात्र रात्र जागणाऱ्याला त्या दाखवून गोळी नाकारणं मला तरी निर्दयपणाच वाटतो.

श्वास थांबण्याची भीती याहून मोठी. मॉर्फिनची मात्रा जास्त झाली तर आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो. म्हणून सिस्टरनं आधी बघायचं ते हे, की हाक मारल्यावर माणूस नीट जागा होतो का. मग श्वास मोजायचा. गरज पडली तर नॅलोक्सोन हा उतारा आहेच. थोडी सुस्ती आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायचं.

डिस्टिल्ड वॉटरचं इंजेक्शन देऊन "बघू खरंच दुखतंय का" ही जुनी युक्तीही सोडून द्यावी. पाण्यानं बरं वाटलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच्या १९७८ च्या प्रयोगात दिसलं, की नॅलोक्सोन दिल्यावर हा खोट्या औषधाचा आराम ओसरतो. म्हणजे मेंदू स्वतःची अफूसारखी द्रव्यं सोडत असावा.

एवढं सगळं परिचारिकांना शिकवलं कसं गेलं नाही, याचं एक कारण कायद्यात आहे. कायदेशीर अफू आपल्याच देशात पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीला आणि शिक्षेच्या धाकाला कंटाळून बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. जी गोळी वॉर्डात कधी दिसलीच नाही, तिची मात्रा कोण शिकणार? २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. कागदावरची वाट मोकळी झाली. सवयी अजून जुन्याच आहेत.

घरी सोडताना सिस्टरनं अर्धा तास काढावा तो याचसाठी. वेळापत्रक मराठीत लिहावं, कारण पाकिटावरची इंग्रजी आणि फलकावरची कानडी सुनेला वाचता येईलच असं नाही. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम ठरली असेल तर सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा आणि मध्यरात्रीनंतर दोन. दिवसाचे साठ, मध्येच कळ उसळली तर त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे १० मिलिग्रॅमची जादा गोळी. रात्री दहाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं दुप्पट दिली की दोनला उठवावं लागत नाही. मूत्रपिंड अधू असलेल्याला मात्र हा हिशेब लागू नाही : मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारी द्रव्यं लघवीवाटे जातात, ती साठली की गुंगी चढते, म्हणून तिथं मात्रा कमी, अंतर जास्त, किंवा औषधच वेगळं.