आत हिरडा आहे की क्रोम? चामडं हाती घेणाऱ्या हौशी मंडळींसाठी

पाच वर्षांपूर्वी एका मित्रासाठी मी हाताने कमरेचा पट्टा केला. म्हशीचं जाड चामडं, पितळी बक्कल. बाजारातून काळा रंग आणला, दोन हात दिले, वर पॉलिश घासलं आणि वाढदिवसाला देऊन टाकला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. पांढऱ्या सदऱ्यावर कमरेभोवती काळा वळ उमटला होता आणि काही केल्या धुऊन निघत नव्हता.

पट्ट्याचा उरलेला तुकडा घेऊन मी कोल्हापूरला मामांकडे गेलो. मामा नात्याने माझे कुणी नाहीत, पण त्यांच्या दुकानात येणारा प्रत्येक जण त्यांना मामाच म्हणतो. त्यांनी तुकड्याची कापलेली कड बघितली, ओलं बोट त्यावर टेकवलं आणि म्हणाले, "याच्या आत हिरडा हाय की. रंग कशाला फासलास? याला लोखंड पाजायचं."

लोखंड पाजायचं म्हणजे काय, हे समजायला मला रसायनशास्त्राची पुस्तकं पुन्हा काढावी लागली. तेव्हापासून नवीन चामडं हाती आलं की मी आधी एकच गोष्ट शोधतो: ते कशाने कमावलं आहे. हत्यार, रंग, निगा, अगदी गिऱ्हाइकाला काय सांगायचं हेसुद्धा त्यावरूनच ठरतं.

जनावराच्या अंगावरून निघतं ते कातडं. ते कमावलं की त्याचं चामडं होतं. कातड्याचा मुख्य ऐवज म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. त्याचे तीन पेड वेणीसारखे पिळलेले असतात. अशा असंख्य वेण्यांचे तंतू होतात आणि तंतूंची घट्ट जाळी. ओलं कच्चं कातडं साधारण ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की ही वेणी सुटते आणि कातडं आकसतं. आणखी उकळत ठेवलं तर सरस होतो, सुतार लाकूड जोडायला वापरत तोच. तसंच सोडून दिलं तर ते कुजतं, वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं.

आता हिरड्याचा छोटा तुकडा चावून बघा. तोंड आवळून येतं, जीभ कोरडी खरखरीत होते. हिरड्यातली टॅनिन ही द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, म्हणून हा तुरटपणा. कातड्याच्या बाबतीत होतं ते थोडंफार हेच. टॅनिनचे मोठे रेणू कोलॅजनच्या तंतूंमध्ये शिरून त्यांना जागोजागी धरून ठेवतात. मग जीवाणूंना तंतू सहज पचवता येत नाहीत आणि वाळल्यावरही ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत. कोल्हापूर भागात हे काम बाभळीची साल आणि हिरडा यांनी होत आलं आहे. चुन्याच्या पाण्यात केस सैल करून काढायचे, कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात सालीचा आणि हिरड्याचा अर्क भरून ती टांगायची आणि झिरपलेला अर्क पुन्हा पुन्हा वरून ओतत राहायचा. यात कित्येक आठवडे जातात.

हे ज्ञान ढोर आणि चर्मकार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, आणि त्या बदल्यात गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं. आपण शहरात बसून शनिवार-रविवारची हौस म्हणून जे करतो, ते त्यांनी अस्पृश्यता सोसत केलं आहे. चामडं 'कमावणं' आणि पैसा 'कमावणं' हा एकच शब्द आहे, पण ज्यांनी पहिलं केलं त्यांच्या वाट्याला दुसरं फारसं आलं नाही. हे ध्यानात ठेवूनच रापी, म्हणजे चामडं कापायचं पातं, हातात घ्यावी असं मला वाटतं.

दुसरा मार्ग क्रोमचा. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं आणि आठवड्यांचं काम दिवसावर आलं. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमचं असतं: मऊ, हलकं, पाण्याला दाद न देणारं. क्रोमियम कोलॅजनला रासायनिक बंधांनी पक्कं बांधतं, म्हणून असं चामडं उकळत्या पाण्यातही सहसा आकसत नाही. बाभूळ-हिरड्याचं चामडं मात्र ओलं असताना ७५ ते ८५ अंशांच्या आसपास आकसतं.

या फरकातूनच घरच्या घरी करायची परीक्षा मिळते. एक सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर लांब पट्टी कापा, कागदावर तिची बाह्यरेषा आखून ठेवा आणि पट्टी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं सोडा. आकसून वळली तर झाडपाल्याचं, म्हणजे हिरड्यासारख्या टॅनिनने कमावलेलं चामडं, रेषेवर बरोबर बसली तर क्रोम. काही जण चामडं जाळून राखेचा रंग बघायला सांगतात. ते करू नका. उष्णतेने साधं क्रोमियम त्याच्या विषारी, सहासंयुजी रूपात जाऊ शकतं. त्यापेक्षा कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्याचा गाभा पुष्कळदा निळसर-करडा दिसतो, हिरड्याचा तपकिरी. पाण्याचा थेंबही बोलतो. वरून लेप नसलेलं हिरड्याचं चामडं तो चटकन पितं आणि तिथे गडद होतं.

नक्षी उठवायची असेल तर हिरड्याचंच चामडं घ्या. ओलं केल्यावर तंतूंमधले कमकुवत बंध सुटतात, ठसा मारला की तंतू दबतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा बंध जुळतात. क्रोमचं चामडं स्पंजासारखं परत फुगतं. कडांचंही तसंच. हिरड्याच्या चामड्याच्या कडेला डिंकाचं पाणी लावून लाकडाच्या गुळगुळीत दांडीने जोरात घासलं की घर्षणाच्या उष्णतेने तंतू दबून कड काचेसारखी चमकते. क्रोमच्या कडेवर कितीही घासा, ती केसाळच राहते. तिथे कड दुमडावी किंवा रंगाचा लेप द्यावा.

हत्यारांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. तीस नगांचा संच घेऊ नका. एक चांगली रापी, एक आरी, छिद्रं पाडायचा काटा, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा, लाकडी हातोडी आणि पोलादी पट्टी, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. वाचलेले पैसे धार लावायच्या दगडावर घाला. पात्याची कड दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असेल आणि घासून ती एक मायक्रॉन झाली, तर हाताचा जोर तोच राहून कडेखालचा दाब दहापट होतो. बोथट पातं तंतू कापत नाही, ओढतं. मग रेष सरकते आणि रापी बोटावर येते. मला आजवर झालेल्या जखमा बोथट पात्याच्याच आहेत. दगडानंतर चामड्याच्या पट्टीवर हिरवी पेस्ट लावून पातं उलट्या दिशेने ओढावं. ती पेस्टही क्रोमियम ऑक्साइडचीच असते.

शिवायला यंत्र नसलं तरी काही बिघडत नाही. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो. एक तुटला की टाके उसवत जातात. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी ओवलं, तर एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. छिद्रं तिरकी पाडावीत, तीन-चार मिलिमीटर अंतरावर. शिवणीच्या रेषेतच सरळ चिरा पाडल्या तर टपाल तिकिटाच्या कडेसारखं चामडं तिथेच फाटतं. पट्टा कापताना तो जनावराच्या पाठीच्या कण्याला समांतर कापा. पाठीकडे तंतूंची वीण घट्ट असते आणि त्या दिशेने चामडं कमी ताणलं जातं. पोटाकडचं चामडं स्वस्त मिळतं, पण वर्षभरात पट्टा लांबतो आणि गिऱ्हाईक नवीन भोक मागायला येतं.

आता रंगाकडे येतो. मित्राच्या सदऱ्याला काय लागलं होतं? स्पिरिटमधला रंग चामड्यात शिरतो आणि स्पिरिट उडून जातं. रंगाचे जेवढे रेणू तंतूंना धरतात तेवढे टिकतात, उरलेले भुकटी होऊन वर बसतात. मी दोन जाड हात दिले होते, म्हणजे वर भुकटीचा थरच होता. असा रंग द्यायचाच असेल तर पातळ हात द्या, दिवसभर वाळू द्या आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत कोरडं पुसत राहा. मग वरून मेणाचा किंवा अॅक्रिलिकचा पातळ लेप. वस्तू कुणाच्या हाती देण्याआधी ओलसर पांढरं फडकं त्यावर पन्नासदा घासून बघा. काम करताना खिडकी उघडी आणि हातात मोजे हवेत. सुट्या पुडीतला, नाव-गाव नसलेला रंग अंगाला लागणाऱ्या वस्तूवर कधीही वापरू नका. अॅझो या कृत्रिम रंगांच्या गटातल्या काही रंगांवर भारतात १९९० च्या दशकातच बंदी आली, ती उगाच नाही.

आणि मामांचं लोखंड? आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो, हे घरोघरी माहीत आहे. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह मिळून काळं संयुग बनतं. हिरड्याच्या चामड्यात टॅनिन ठासून भरलेलंच असतं, बाहेरून द्यायचं ते फक्त लोह. अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा ग्रॅम लोखंडाचा कीस किंवा गंजलेले खिळे टाका. साबणाने धुऊन तेलकटपणा आधी काढा. भांडी घासायची चकचकीत तार चालत नाही, ती बहुधा स्टेनलेस असते. झाकण सैल ठेवा, कारण हायड्रोजन वायू सुटतो. आठवड्याने गाळून घ्या. आंध्रातले कलमकारीचे, म्हणजे कापडावर कलमाने चित्रं काढणारे, कारागीर गूळ, पाणी आणि लोखंड आंबवून काळा रंग करतात, तिथेही गाभा हाच.

हे पाणी चामड्यावर लावलं की आधी ते करडं होतं आणि बघता बघता काळंभोर. विरघळलेलं लोह टॅनिनला धरतं तेव्हा रंग फिका असतो. हवेतला ऑक्सिजन मिळून लोहाची संयुजा दोनवरून तीन झाली की तो गडद होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास त्या तुकड्यासमोरून हललो नव्हतो. हा काळा रंग तंतूंच्या आत तयार होतो, म्हणून तो सदऱ्याला सहसा लागत नाही. रंग फिका आला तर चामड्यात टॅनिन कमी आहे. आधी कडक काळ्या चहाचा हात द्या. शेवटी अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्या पाण्याने चामडं पुसून घ्या. आम्ल आणि जास्तीचं लोह आत राहिलं तर चामडं काही वर्षांत ठिसूळ होतं. क्रोमच्या चामड्यावर या लोखंडाच्या पाण्याचा थेंब काळा होत नाही. मात्र काही क्रोम चामड्यांना नंतर टॅनिनही पाजलेलं असतं आणि ती काळी पडतात, म्हणून लोखंडाची आणि उकळण्याची अशा दोन्ही परीक्षा कराव्यात.

सोड्यानंतर चामडं कोरडं पडतं. त्याला तेल पाजायचं, पण थोडं थोडं, दोन-तीन वेळा. तेलाने तंतू एकमेकांवर न अडकता सरकतात. एकदम ओतलं तर चामडं लिबलिबीत होतं. पावसाळ्यात वस्तूवर पांढरं दिसू लागलं की लोक बुरशी म्हणून घाबरतात. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा त्यावर सोडा. पांढरं वितळून गेलं तर ती आतून वर आलेली चरबी, तशीच राहिली तर बुरशी. चामडं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, सुती कापडात ठेवावं. भिजलेली वहाण चुलीशी किंवा हीटरजवळ वाळवू नये. का, ते वरच्या अंशांच्या आकड्यांवरून कळलंच असेल.

विकायची वेळ आली की नावापासून सुरुवात होते. आपण पुण्यात किंवा ठाण्यात केलेल्या चपलेला 'कोल्हापुरी' म्हणता येत नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांपुरतं आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. तोच नियम आपल्यालाही आहे. घोरपड, साप यांच्या कातड्याला तर हातही लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. धारावीत किंवा कुठेही चामडं घ्याल तेव्हा कोणत्या जनावराचं ते विचारून बिल घ्या.

किंमत सांगताना हौशी माणूस हमखास चुकतो. चामडं चौरस फुटावर मिळतं, पण जनावर चौकोनी नसतं. कडा, पोट, चरे-डाग धरून पाव भाग सहज वाया जातो, तो हिशेबात धरा. समजा एका पाकिटाला चामडं, दोरा, मेण मिळून ३५० रुपये लागले आणि सहा तास गेले. तासाला १५० धरले तरी १,२५० झाले, डबा आणि पाठवणीचा खर्च वेगळाच. ते पाकीट आपण ६०० ला देतो, कारण आपला पगार दुसरीकडून येतो. पण त्याच गल्लीत ज्याचं घर या कामावर चालतं, त्याच्यापुढे गिऱ्हाईक आपली किंमत ठेवतं. त्यामुळे एक तर पूर्ण दाम घ्यावा, नाही तर भेट म्हणून द्यावं. अधलंमधलं करून आपण कारागिराच्या पोटावर पाय देतो.

'अस्सल चामडं' एवढंच लिहू नका. कोणत्या जनावराचं, कशाने कमावलेलं, रंग कोणता, हे चिठ्ठीवर लिहा. हिरड्याचं असेल तर उन्हाने आणि हाताळण्याने ते गडद होत जाईल हेही लिहा, म्हणजे दोन महिन्यांनी तक्रार येत नाही. चुऱ्यात गोंद मिसळून थापलेल्या चामड्याच्या वस्तू मी विकत नाही. वाकवलं की त्या पापुद्र्यांनी सुटतात आणि शिवणीशी फाटतात.

माझ्याकडे एक बिस्किटांचा जुना डबा आहे. आणलेल्या प्रत्येक चामड्याचा बोटभर तुकडा त्यात असतो. मागे पेनाने तारीख, दुकान, जाडी आणि भाव, एका कोपऱ्यावर लोखंडाच्या पाण्याचा थेंब. मित्रासाठी केलेल्या दुसऱ्या पट्ट्याचा तुकडाही त्यातच आहे. त्याचा एक कोपरा नव्हे, अख्खा तुकडा काळा आहे. तो पट्टा मित्र अजून वापरतो, पांढऱ्या सदऱ्यावरही.