गोव्याचा १९६७चा जनमत कौल कायद्याने बंधनकारक होता?

चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) गप्पा रंगल्या की कुणीतरी ठासून सांगतंच, ‘कौल झालाय, आता आमदार-खासदारांना त्याला हात लावता येत नाही.’

हे खरं नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी केंद्रशासित राहण्याच्या बाजूचं चिन्ह ‘दोन पानं’ जिंकलं, विलीनीकरणाचं ‘फूल’ हरलं. महाराष्ट्रातलं विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने फेटाळलं गेलं. पण तो कौल लोकांची इच्छा जाणून घेण्यासाठी होता. राज्यांच्या निर्मितीचा आणि सीमांचा अधिकार घटनेच्या कलम ३ने संसदेला दिलाय. कौल केंद्रशासित राहण्याचा होता, तरी ३० मे १९८७ला गोवा राज्य झालं, नव्या कौलाशिवाय.

विलीनीकरणाचा विषय पुन्हा निघालाच, तर मात्र लोकांना विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलू नये, असं मला मनापासून वाटतं.