मेयोचा शाप: गोष्ट रंगतदार, पण खरी नाही

आयर्लंडच्या मेयो काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) 1951 मध्ये गेलिक फुटबॉलचा, म्हणजे हातापायाने खेळायच्या आयरिश फुटबॉलचा, अखिल आयर्लंड चषक जिंकला. कहाणी अशी की परतताना संघ फॉक्सफर्ड गावी अंत्ययात्रेसाठी थांबला नाही, म्हणून पाद्र्याने शाप दिला: या संघातला शेवटचा गडी जिवंत असेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही.

1989 ते 2021 या काळात मेयो 11 अंतिम सामने हरले, त्यामुळे लोकांना ते पटतं. पण त्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट स्वतःच ही गोष्ट खोटी मानत. सप्टेंबर 2021 मध्ये ते वारले. तिथे असलेल्या माणसाचा शब्द मला ऐकीव कहाणीपेक्षा मोठा वाटतो.

आणि शाप फक्त पुरुषांच्या काउंटी संघालाच कसा लागला? मेयोच्या बायकांनी 1999, 2000, 2002, 2003 अशी चार अजिंक्यपदं मिळवली. मेयोतल्याच क्रॉसमोलिना क्लबने 2001 मध्ये, तर बॅलिना स्टीफनाइट्सने 2005 मध्ये देशातली क्लब स्पर्धा जिंकली. खेळाडू त्याच मातीतले! त्या हरलेल्या सामन्यांपैकी 1996 आणि 2016 चे तर बरोबरीनंतर पुन्हा खेळवावे लागले, आणि दोन्ही वेळा फरक फक्त एका गुणाचा होता.