कयाकचा नांगर

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. ती पाण्यात एका जागी उभी ठेवण्यासाठी वापरायचा हा लहान नांगर. त्याचे वजन बहुधा ०.७ ते १.५ किलो असते. गळाने मासे धरणारे, छायाचित्रकार आणि पक्षी पाहणारे तो वापरतात. कोकणच्या खाड्यांत जिताडा किंवा तांबोशी या माशांसाठी कयाक घेऊन जाणाऱ्याला ओहोटीच्या ओढीत खडकाच्या कडेला टिकून राहायचे, तर नांगराशिवाय भागत नाही.

नांगर वजनाने नव्हे, तळात रुतून धरतो. त्यासाठी त्याच्यावर येणारी ओढ शक्य तितकी आडवी हवी. दोर उभा झाला की नांगर उचलला जातो आणि घसटू लागतो. म्हणून जड नांगर घेण्याआधी दोर वाढवून पाहावा. वारा व पाण्याचा प्रवाह कमी असेल तर खोलीच्या तिप्पट दोर चालतो, एरवी पाचपट, आणि लाटा असतील तर सातपट लागतो. खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे, दोर कयाकला जिथे बांधला आहे तिथपासून मोजावी. पाणी ३ मीटर आणि बांधणी ०.३ मीटर उंच असेल, तर पाचपटीने १६.५ मीटर दोर सोडावा लागेल. त्यानंतर भरतीने पाणी २ मीटर चढले, तर तेवढाच दोर जेमतेम तिप्पट उरतो आणि सकाळी घट्ट धरलेला नांगर दुपारी सुटतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक ४ मीटरच्याही पुढे जातो, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) तो बराच कमी असतो. तिथी पाहूनच दोराचा हिशेब करावा. ५ ते ६ मिमी जाडीचा, ३० मीटर नायलॉन दोर बहुतेक ठिकाणी पुरतो. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत कमी पोहोचतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो आणि जाणाऱ्या होडीच्या पंख्यात अडकू शकतो.

दोर आणि नांगर यांच्यामध्ये अर्धा ते एक मीटर साखळी घालतात. ६ मिमी साखळीचे वजन मीटरला सुमारे ०.८ किलो भरते. ती नांगराचा दांडा खाली दाबून ठेवते, शिवाय खडकावर दोर घासून तुटत नाही.

सर्वांत जास्त खपतो तो चार आकड्यांचा (हूकांचा) घडीचा नांगर. दांड्यावरची सरकती कडी खाली ओढली की आकडे उघडे राहतात, वर सरकवली की मिटतात. खडक आणि दगडगोट्यांत तो उत्तम अडकतो. मऊ चिखलात मात्र त्याचे बारीक आकडे लोण्यातल्या सुरीसारखे चिरत जातात. वाळू-चिखलासाठी रुंद पंजाचा, १ किलोचा ब्रूस पद्धतीचा नांगर बरा. हा आकार पीटर ब्रूस यांनी १९७०च्या दशकात आणला. कांदळवनाच्या कडेला, मीटरभर पाण्यात, चिखलात खोचायची काठी या सगळ्यांपेक्षा सोयीची आणि नि:शब्द असते.

खडकात नांगर अडकून बसणे ही नेहमीची अडचण. त्यावर सोपी तोड आहे. साखळी दांड्याच्या वरच्या कडीला न बांधता नांगराच्या बुडाच्या कडीला शॅकलने (खिळीच्या U-आकाराच्या कडीने) जोडायची, मग ती दांड्यालगत वर आणून वरच्या कडीला प्लॅस्टिकच्या केबल टायने अडकवायची. २.५ मिमी रुंदीची टाय साधारण ८ किलो ताण सोसते. नांगर अडकला की जोरात ओढावे. टाय तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा निघून येतो. टाय लाटांनीच तुटत असेल तर दोन लावाव्यात. सुट्या टाय लाइफ जॅकेटच्या खिशात असाव्यात.

दोर कधीही कयाकच्या कुशीला, म्हणजे मधल्या बाजूला, बांधू नये. प्रवाहात कयाक आडवी होते, कड पाण्याखाली खेचली जाते आणि ती काही क्षणांत उलटते. यासाठी एका बाजूने नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत दोन कप्प्यांवरून फिरणारी दोरी आणि तिच्यावर एक कडी बसवतात. नांगराचा दोर या कडीतून ओवून कडी टोकाकडे सरकवली की बसल्या जागेवरून ओढबिंदू बदलता येतो. लाटा असतील तर कडी नाळेकडेच न्यावी, कारण मागच्या टोकाची उंची बहुधा कमी असते आणि तिथून पाणी आत येते.

दोराची पक्की गाठ कयाकवर मारू नये. हाताजवळच्या क्लीटमध्ये (दोर अडकवायच्या खुंटीत) तो अडकवावा आणि शेवटच्या टोकाला बोया (तरंगता गोळा) बांधावा. मोठी होडी अंगावर येत असेल किंवा मोठा मासा लागला असेल, तर दोर सोडून मोकळे व्हावे, बोया पाहून नंतर परत यावे. जॅकेटला सुरी हवीच. पाणी जोरात वाहत असेल तर नांगर टाकूच नये. नदीच्या पुरात आणि खाडीच्या मुखावर हा नियम मोडायचा नाही.

टाकताना तोंड वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे करून थांबावे, नांगर फेकू नये, हाताहाताने सोडावा. तळ लागला की मागे वाहत जात दोर द्यावा, मग हळूच ताणून रुतवावा. किनाऱ्यावरची एकामागे एक असलेली दोन झाडे हेरून ठेवावीत. ती एकमेकांपासून सरकू लागली म्हणजे नांगर घसटतो आहे. उचलताना दोर आत घेत थेट नांगरावर जावे आणि टोकाकडूनच ओढावे. दोर आखूड बांधून लाटेच्या जोरावर नांगर उपटणे धोक्याचे आहे, कारण नांगर सुटला नाही तर लाट कयाकचे टोकच बुडवते.

मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७) आणि जिथे तळाला प्रवाळ दिसते तिथे नांगर टाकू नये. चार आकड्यांच्या एका ओढीत मोडलेले प्रवाळ भरून यायला वर्षे लागतात.

परतल्यावर नांगर, साखळी आणि कप्प्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. सरकत्या कडीत वाळू अडकली तर ती अर्धवट बसते आणि आकडे पाण्याखाली मिटतात. साखळीजवळचा दोर पिसला असेल, तर तेवढा मीटरभर कापून नव्याने बांधावा.