कोकण किनारपट्टीवरील बहुशाखीय संशोधन

एकमेकींशी उघड नाते नसलेल्या विद्याशाखांचा अभ्यास एकाच भूभागावर, किंवा एकाच अभ्यासकाच्या हातून होणे, हा या नोंदीचा विषय आहे. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत भूविज्ञान, पुरातत्त्व, वनस्पतिशास्त्र, भूचुंबकत्व, फळशास्त्र, भाषाभ्यास असे विषय शेजारीशेजारी नांदतात. विद्यापीठात त्यांचे विभाग वेगवेगळ्या इमारतींत असतात; कोकणात ते बरेचदा एकाच कातळावर असतात.

तो कातळ म्हणजे सडा, जांभ्याचे उघडे पठार. दख्खनच्या बेसॉल्टवर दीर्घकाळ ऊन-पाऊस पडून त्यातली सिलिका धुपून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. त्यांचाच हा तांबडा, सच्छिद्र दगड झाला. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातल्या अशाच दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. कोकणात त्याचे चिरे काढून घरे, विहिरी आणि गडगे बांधतात.

भूवैज्ञानिकाचे काम जिथे थांबते तिथे वनस्पतिशास्त्रज्ञाचे सुरू होते. सड्यावर मातीचा थर जेमतेम असतो आणि नायट्रोजन फार थोडे. म्हणून पावसाळ्यात तिथे सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात आणि दगड देत नाही ते किड्यांकडून मिळवतात. मे महिन्यात करपलेला दिसणारा सडा श्रावणात निळा-जांभळा होतो. हे ज्याने एकदा पाहिले, त्याला सड्याला ओसाड म्हणवणार नाही.

याच पृष्ठभागावर माणसाने चित्रे खोदली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ या नऊ ठिकाणांची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. काही शिल्पांत गेंडा व पाणघोडा ओळखले गेले आहेत. हे प्राणी आज कोकणात नाहीत, त्यामुळे पुरातत्त्वाचा प्रश्न प्राणिशास्त्र आणि प्राचीन हवामान यांच्या दारात जातो. दगडावरच्या रेषेचा काळ थेट मोजता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण. देवाचे गोठणे येथे तर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. तिथे पुरातत्त्वज्ञाला भूभौतिकीची मदत घ्यावीच लागते.

जांभ्याचा संबंध हापूसपर्यंतही पोचतो. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या गरात पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो, त्याला बागायतदार साका म्हणतात. तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता हे त्याचे एक कारण मानले जाते. झाडाखाली सुक्या गवताचे आच्छादन घालण्याचा सल्ला त्यातूनच आला. साक्यापासून मुक्त फळासाठी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात तयार झाली. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) या कामाचे केंद्र आहे.

रायगड जिल्ह्यात अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने तिथल्या कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मापने बिघडणार, म्हणून १९०४ पासून ती अलिबागेत घेतली जाऊ लागली. कुलाबा-अलिबागची ही सलग नोंद जगातल्या दीर्घ नोंदींपैकी आहे. सप्टेंबर १८५९ चे प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्यात टिपले गेले होते. अशा वादळांची कमाल तीव्रता अजमावताना ते आकडे आजही वापरले जातात. याच अलिबागेजवळ आक्षीचा शिलालेख आहे. त्यावरील काल शके ९३४ (इ.स. १०१२) असा वाचला गेला असून मराठीच्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते.

एकाच माणसात इतक्या शाखा एकवटल्याचे सर्वांत ठळक उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे. गोव्यात जन्मलेले कोसंबी गणिताचे प्राध्यापक. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र मांडले, ते आनुवंशिकीत त्यांच्याच नावाने वापरतात. १९४८ मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. हाताळणीने नाण्याचे वजन घटते, हे चलनातली नाणी तोलून त्यांनी पाहिले आणि त्याच हिशेबाने प्राचीन आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांचा क्रम लावला. नाण्यांत आणि जनुकांत त्यांना संख्याशास्त्राचेच प्रश्न दिसत होते. हे विषय त्यांनी छंद म्हणून जमवलेले नव्हते. चिपळूणजवळ जन्मलेले पांडुरंग वामन काणे (भारतरत्न, १९६३) यांची वाट उलटी होती: धर्मशास्त्र या एकाच विषयाचा इतिहास लिहिताना त्यांना कायदा, ज्योतिष, काव्यशास्त्र सगळे धुंडाळावे लागले.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६) समुद्राच्या बाजूने हीच पट्टी अभ्यासते.

सड्याचा अभ्यास करणाऱ्यांची टिपणे मात्र अजून वेगवेगळ्या वह्यांत आहेत. सातबाऱ्यावर बहुतेक सडा पडीक म्हणून लागतो. चिरेखाण सुरू होते किंवा कलमे लावायला कातळ फोडला जातो, तेव्हा फुलांची जागा आणि कोरलेली रेघ एकाच दिवशी जाते. वनस्पतींच्या यादीत आणि शिल्पांच्या नकाशात ती दोन वेगळी नुकसाने म्हणून नोंदली जातात.