डोक्याला मार लागलेल्या माणसाची भरपाई कशी ठरते: ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

अपघातात पाय मोडला तर तो एक्स-रेत दिसतो. मेंदूला मार बसलेला माणूस मात्र काही महिन्यांनी चालायला लागतो, बोलायला लागतो, पाहुण्यांना ओळखतो, आणि तरीही कामावर परत जाऊ शकत नाही. आकडेमोड चुकते, राग आवरत नाही, सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही, मधूनच फिट येते. भरपाईच्या दाव्यात हेच सिद्ध करावं लागतं. त्याची तयारी कोर्टाची तारीख लागल्यावर करून चालत नाही, पेशंट हॉस्पिटलात असल्यापासून करावी लागते.

दावा कुठे आणि कोणी करायचा

वाहन अपघातातल्या दुखापतीचा दावा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे बोलीभाषेतल्या 'एमएसीटी कोर्टात' करतात. ठाण्यात तो कोर्टनाक्याच्या जिल्हा न्यायालयात चालतो. अपघात जिथे झाला तिथे, जखमी माणूस राहतो किंवा काम करतो तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे, असा कुठेही दावा करता येतो. त्यामुळे घोडबंदर रोडला राहणाऱ्याचा अपघात लोणावळ्याजवळ झाला असला तरी तो ठाण्यात दावा करू शकतो. नवी मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं: ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात. राहत्या जागेवरून दावा करायचा तर तो त्या-त्या जिल्ह्यात.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज दाखल व्हायला हवा. पेशंट बरा होण्याची वाट पाहत हे सहा महिने घालवू नका. अर्ज आधी दाखल करा, वैद्यकीय पुरावा नंतर जोडता येतो.

दावा जखमी माणसाने स्वतः करायचा असतो, किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने. पण जो कोमात आहे किंवा ज्याला व्यवहार कळत नाही, तो सही कशी करणार? अशा वेळी पत्नी, आई-वडील किंवा सज्ञान मूल 'वादमित्र' म्हणून त्याच्या वतीने दावा करतं. अर्जासोबत पेशंटच्या मानसिक स्थितीबद्दल डॉक्टरांचं पत्र लागतं. बेशुद्ध माणसाचा अंगठा कागदावर उमटवून घेण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो ठामपणे नाकारा. उलटतपासणीत एवढ्या एका गोष्टीवर सगळा दावा संशयात सापडतो.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही तर मार्ग वेगळा. प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करायचा. गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू शकतात, पण मेंदूच्या कायमच्या इजेला ही रक्कम फार तोकडी आहे. लोकलमधून पडून डोक्याला मार लागला असेल तर दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षाच्या आत. तिथे रक्कम ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळते, कमाल ८ लाख. टीटीसी एमआयडीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कामगाराला कामावर असताना वाहनाने उडवलं, तर कर्मचारी भरपाई कायदा आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच वाट निवडावी लागते. दोन्हींचा हिशोब वकिलाकडून मांडून घ्या आणि मगच सही करा.

आकडा ठरतो कसा

सगळ्यात मोठा गैरसमज दाखल्यावरच्या टक्क्यांबद्दल आहे. दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्के लिहिलं म्हणजे कमाईचं नुकसानही ४० टक्केच, असं नसतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. न्यायाधिकरणाने आधी पाहायचं की या माणसाला आता काय करता येतं आणि काय नाही. मग त्याचं वय आणि अपघाताआधीचं काम. आणि शेवटी, तो जुनं किंवा दुसरं कुठलं काम करून पोट भरू शकतो का. यातून जे निघतं ते कार्यात्मक अपंगत्व, आणि भरपाईचा मुख्य हिशोब त्याच्यावर चालतो.

समजा, कोपरखैरण्यातला ३४ वर्षांचा इलेक्ट्रिशियन. स्वतःचा धंदा, रिटर्नप्रमाणे महिन्याला ३० हजार कमाई. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे स्वयंरोजगार असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. म्हणजे महिना ४२ हजार, वर्षाला ५ लाख ४ हजार. याला वयाप्रमाणे गुणक लावायचा, म्हणजे वयोगटासाठी ठरलेल्या आकड्याने गुणायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक आहे. गुणाकार येतो ८० लाख ६४ हजार. कार्यात्मक अपंगत्व ४० टक्के धरलं तर यातले ३२ लाख २५ हजार ६०० मिळतील. पण त्याला फिट येतात, शिडीवर तोल जातो, कुठली वायर चालू आणि कुठली बंद हे लक्षात राहत नाही, आणि दुसरं कामही जमत नाही, हे सिद्ध झालं तर १०० टक्के धरता येतात. दाखला तोच, माणूस तोच, आणि फरक ४८ लाखांच्या वर. मृत्यूच्या दाव्यात माणसाच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांशासारखी वजावट होते. जखमीच्या दाव्यात ती करायची नसते, कारण तो माणूस जिवंत आहे, त्याला जेवायला लागतंच.

या रकमेत बाकीची सदरं मिळवतात: झालेला आणि पुढे होणारा औषधोपचाराचा खर्च, प्रवास, विशेष आहार, वेदना आणि मनस्ताप, आयुष्यातला हरपलेला आनंद, लग्नाची शक्यता मावळणं आणि मदतनिसाचा खर्च. हे शेवटचं सदर घरचे लोक हमखास विसरतात, कारण सेवा बायको किंवा आई करत असते आणि तिला कोणी पगार देत नाही. पण ती सेवा फुकट नाही. २०२० मध्ये हरियाणातल्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा उचलून धरला. अपघाताच्या वेळी ती १२ वर्षांची होती, मेंदूला झालेली इजा १०० टक्के. न्यायालयाने दोन मदतनीस, प्रत्येकी महिना ५ हजार आणि १८ चा गुणक धरून मदतनिसापोटीच २१ लाख ६० हजार दिले. एकूण भरपाई ६२ लाख २७ हजार झाली. शाळकरी मुलांना आणि गृहिणींना 'कमाईच नाही' असं म्हणून शून्य धरता येत नाही. न्यायाधिकरण अनेकदा किमान वेतनाच्या आधारे उत्पन्न ठरवतं.

मेडिक्लेममधून बिल भरलं गेलं असेल तरी निराश होऊ नका. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं आहे की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही.

कागदपत्रं

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दोषारोपपत्र, आणि दोषी गाडीचं आरसी बुक, विमा पॉलिसी, चालकाचं लायसन्स यांच्या प्रती घ्या. नियमाप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, पण तेवढ्यावर विसंबून स्वतःचा अर्ज थांबवू नका.

खरी मेहनत वैद्यकीय फाइलवर घ्यायची. कॅज्युअल्टीतला पहिला कागद आणि एमएलसी (पोलिसांना कळवलेल्या केसचा) नंबर जपा. त्या कागदावर ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे पेशंट कितपत शुद्धीवर आहे ते सांगणारा आकडा असतो, ३ ते १५ मधला. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. सिटी स्कॅन आणि एमआरआयच्या फिल्म, रिपोर्ट, ऑपरेशन नोट्स, डिस्चार्ज कार्ड, फिटच्या गोळ्यांची प्रिस्क्रिप्शन आणि सगळी मूळ बिलं लागतात. स्मरणशक्ती, एकाग्रता, वागणूक यांची न्यूरोसायकोलॉजिकल चाचणी आवर्जून करून घ्या. स्कॅन सुधारलेला दिसत असला तरी डोकं पूर्वीसारखं चालत नाही, हे ही चाचणी आकड्यांत दाखवते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी युडीआयडी या दिव्यांगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे जावं लागतं. नुसता दाखला दाखल करून भागत नाही. उपचार करणारे किंवा दाखला देणारे डॉक्टर साक्षीला यावे लागतात, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

उत्पन्नासाठी पगारपत्रक, फॉर्म १६, रिटर्न किंवा बँक स्टेटमेंट. नोकरी गेली असेल तर मालकाचं तसं पत्र. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला. आणि घरात एक वही ठेवा: कोणत्या तारखेला फिट आली, कधी रस्ता चुकला, आंघोळ कोणी घातली. कोर्टात साक्ष देताना पत्नीला या तारखा सांगता येतात.

तडजोड आणि पैसे

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

लोकअदालतीत दावा लवकर मिटतो, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. मेंदूची सुधारणा कुठपर्यंत जाणार हे कळायलाच वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, त्यामुळे न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय कुठलाही आकडा मान्य करू नका. न्यायाधिकरणाचा निवाडा कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

मंजूर रकमेवर व्याज मिळतं, साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून. पेशंट स्वतः व्यवहार करू शकत नसेल तर बरीचशी रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होतो आणि दरमहा व्याज खात्यात जमा होतं. ऑपरेशन किंवा मोठा उपचार निघाला तर अंदाजपत्रक जोडून त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. ठेवीतली हवी तेवढी रक्कम मुदतीआधी काढायची परवानगी मिळू शकते.